ठासणीचं माप

ठासणीच्या बंदुकीला दुकानातलं काडतूस चालत नाही. तिचा प्रत्येक बार ज्याचा त्यानं हातानं भरायचा. नळीच्या तोंडातनं दारू ओतायची, वर बोळा, गजानं ठासायचं, मग गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि सगळ्यात शेवटी मागं निपलावर टोपी चढवायची. यातलं काहीही कमीजास्त झालं तर बार फुसका जातो, नाहीतर गोळी भलतीकडं जाते, नाहीतर नळीच फुटते. शहरातल्या वाचकाला वाटेल, ही कुठली पेशवाईतली गोष्ट काढली. पण आमच्या आजरा-चंदगडच्या डोंगरपट्ट्यात आणि घाट उतरून खाली सिंधुदुर्गात अशा बंदुका अजून आहेत, आणि परवान्यानं आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी म्हणून वेगळी सांगितलेली आहे. आमच्या परवान्यावरही तेच कारण आहे, शेती संरक्षण.

मला इथं शिकारीच्या गमजा मारायच्या नाहीत. शिकारीच्या गोष्टी सांगणारा माणूस दर वर्षी डुकराला थोडं मोठं करत नेतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. जनावर मारायची पाळी आलीच, तर ते नेमकं मारणं, एका बारात, हाल न करता, याला काही किंमत आहे का? का मारणं ते मारणंच, आणि बाकी सगळं आपल्या मनाची समजूत?

तात्या माझे थोरले चुलते. मराठा पलटणीतनं पेन्शन घेऊन आले तेव्हा मी सातवीत होतो. पलटणीत त्यांच्या हातात थ्री-नॉट-थ्री. काडतूस सरकारचं, सगळी एका मापाची, नळीला आतनं पीळ पाडलेला, त्यामुळं गोळी फिरत फिरत सरळ जायची. गावी आल्यावर आजोबांची ठासणीची बंदूक त्यांच्या नावावर झाली. तिची नळी आतनं गुळगुळीत. पहिल्याच हंगामात रताळ्याच्या रानात डुकरावर बार टाकला, तो डुकराच्या मागं हातभर मातीत गेला. पलटणीत नेमाचं बक्षीस घेतलेला माणूस. रात्रभर माळ्यावर गप्प बसून राहिले. सकाळी खाली उतरताना म्हणाले, "बंदूक वाईट न्हाई रं. तिची भूक किती, ते आपल्याला ठावं न्हाई."

गावात तेव्हा दारू अंदाजानं घालत. जितका आवाज मोठा तितका गडी मोठा, असा हिशेब. एकाचं बोट गेलेलं, एकाच्या गालात दारूचे निळे डाग कायमचे बसलेले. तरी मापाचा विचार कुणी केला नव्हता. तात्यांनी केला, आणि त्यात दोन उन्हाळे घातले.

मळणी आटपून रानं मोकळी झाली की ओढ्यापलीकडच्या उंच दरडीला एक जुना पत्रा उभा करायचा. त्यावर चुन्यानं बशीएवढा गोल. तिथनं चाळीस पावलं मोजून बैठक. दारूचं माप वेळूच्या पेराचं, त्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी रकाने आखलेले: खाच कितवी, बोळा कशाचा, वेळ सकाळची का दुपारची, गोळी कुठं लागली.

तात्यांचा एक नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर बोळा तोच ठेवायचा. बोळा बदलला तर दारू तीच. दोन्ही एकदम बदललं तर नेम कशानं सुधारला आणि कशानं बिघडला, कळायला मार्ग नाही. (हा नियम मला पुढं शेतीत जास्त उपयोगी पडला. बियाणं, खत आणि पाण्याची पाळी एकाच साली बदलून, "औंदा पीक कशानं गेलं देव जाणे" म्हणणारे शेतकरी मी ढिगानं बघितलेत.) चिंध्यांचा बोळा, गोणपाटाचा बोळा, नारळाच्या सोडणाचा बोळा, सगळे झाले. सोडण आमच्या नळीला मानवलं. गजावर त्यांनी कानशीनं एक बारीक खूण घासली. बार नीट बसला की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी आली पाहिजे. वर राहिली तर आत गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली, आणि तशी पोकळी राहिली तर नळी फाटायची भीती. दोन-चार बारांनी नळीला आतनं कीट चढतं आणि तेच माप वेगळं वागायला लागतं, म्हणून ऊन पाण्यानं धुवायची, कोरडी करायची, मग पुढचा बार. दव पडलेल्या सकाळी दारू सर्दावते, तेव्हाचा रकाना वेगळा.

काकू वैतागायची. दारूगोळ्याला पैसे पडत होते, आणि घरात ते काही फार नव्हते. "डुकरानं खाल्लं त्यापरीस तुमच्या पत्र्यानंच जास्त खाल्लं," म्हणायची. तिचं चुकीचं नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटाला माप सापडलं. पाच बार, पाचही बशीत. मला तेव्हा आश्चर्य वाटलं ते याचं, की ते माप गावात घालायचे त्यापेक्षा बरंच कमी होतं. आवाजही लहान. जास्त दारूनं गोळी जोरात जाते, पण सरळ जातेच असं नाही. तेच माप साठ पावलांवर लावून बघितलं तर गोळ्या ताटाच्याही बाहेर. म्हणजे आमच्या बंदुकीची हद्द चाळीस पावलं. त्यापुढं डुक्कर कितीही मोठं दिसलं तरी ते आमचं नव्हे. ती खाच कितवी, हे मी इथं लिहीत नाही. एका नळीचं माप दुसऱ्या नळीला घालणं म्हणजे एकाची औषधाची बाटली दुसऱ्याला पाजणं.

तात्यांनी एवढा जीव का आटवला, त्याला कारण होतं. ते पलटणीतनं आले त्याच साली पलीकडच्या वाडीतल्या एकानं लांबनं, अंदाजानं भरलेला बार डुकरावर टाकला होता. डुक्कर मागच्या पायाला जखम घेऊन रानात गेलं. त्याच्या मागावर कुणी गेलं नाही. चार दिवसांनी आमच्या भावकीतली एक बाई गवताला गेली आणि ते डुक्कर करवंदीच्या जाळीतनं तिच्यावर आलं. मांडी फाटली. वाचली, पण जन्माची लंगडी झाली. भारा डोक्यावर घेऊन ती एका अंगावर कलत चालायची, ते माझ्या डोळ्यांपुढं आजही आहे. बार कुणाचा, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुणी नाव घेतलं नाही, मीही घेत नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं फक्त मोजलं नव्हतं.

पुढं कितीतरी वर्षांनी जिम कॉर्बेटचं कुमाऊँच्या नरभक्षकांवरचं पुस्तक वाचायला मिळालं. त्यातली चंपावतची वाघीण १९०७ साली मारली गेली. तोवर तिनं आधी नेपाळात आणि मग कुमाऊँत मिळून ४३६ माणसं खाल्ली होती. मेल्यावर कॉर्बेटनं तिचं तोंड बघितलं तर उजवीकडचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले. जुन्या गोळीची जखम. त्या सुळ्यांमुळं तिला तिची नेहमीची शिकार धरता येईना आणि ती माणसाकडं वळली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. कुणीतरी, कुठंतरी, कधीतरी एक बार टाकला. तो चुकला नाही आणि लागलाही नाही. टाकणारा घरी जाऊन जेवून झोपला असेल. त्या एका बाराचा हिशेब ४३६ घरांनी फेडला, आणि टाकणाऱ्याला त्यातलं काही कळलंही नसेल.

त्याच गोष्टीत आणखी एक आहे. शेवटच्या घटकेला कॉर्बेटची स्वतःची काडतुसं संपली आणि त्यानं तहसीलदाराची जुनी बंदूक मागून घेतली. ती इतकी खिळखिळी, की नेम वाघिणीच्या तोंडावर आणि गोळी लागली पंजात. आधीच्या गोळ्यांनी वाघीण संपतच आली होती म्हणून निभावलं. कॉर्बेटसारख्याचा नेमसुद्धा बंदुकीपुढं जात नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या रानाला लागून एका माळकऱ्याचं रान. गळ्यात माळ, पंढरीची वारी चुकवली नाही कधी. एकदा बांधावर बसून तात्यांना म्हणाले, "तुमचा नेम चांगला हाय म्हणून पाप कमी व्हतं व्हय? जीव तर जातोयच की."

तात्या तंबाखू मळत होते. म्हणाले, "अण्णा, पापाचं मला कळत न्हाई. हालाचं कळतं."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचं रताळंही आमच्या बंदुकीच्या आवाजानं वाचत होतं, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. त्यांनी ते कधी नाकारलं नाही, म्हणून मला ते जास्त आवडायचे. दिवाळीच्या सुमाराला पहिली खणती झाली की पाटीभर रताळी आमच्या घरी आणून ठेवायचे. ती कशाबद्दल, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

मी बरीच वर्षं तात्यांच्या बाजूचा होतो. हालाचं कळतं, एवढं उत्तर मला पुरेसं वाटायचं. ज्याला मारायचंय त्यानं आपलं हत्यार ओळखावं, त्याची हद्द ओळखावी, आणि हद्दीच्या आतच हात उचलावा. न मोजता मारणारा आपल्या अज्ञानाचा भार जनावराच्या अंगावर टाकतो, आणि जनावर तो भार रानात घेऊन जातं. आजही मला हे खरं वाटतं. पण एवढ्यावर भागत नाही, हे मला तात्यांमुळंच कळलं.

१९७६ चा उन्हाळा. मी दहावीची परीक्षा देऊन घरी होतो. तिन्हीसांजेला तात्या आणि मी ओढ्याकडनं येत होतो. बंदूक भरलेली. पाण्यावर एक भेकर आलं होतं. वारा त्याच्याकडनं आमच्याकडं. त्याला आमचा वास नाही, चाहूल नाही. तात्यांनी एकवार माझ्याकडं बघितलं, मग बंदूक खांद्याला लावली. बार झाला आणि भेकर उभं होतं तिथंच बसल्यासारखं खाली गेलं. पायसुद्धा झाडला नाही. तात्यांनी सवयीप्रमाणं पावलं मोजली. चौतीस. मी सवयीप्रमाणं खिशात पेन्सिल चाचपली. तात्या म्हणाले, "ह्ये लिवू नगो."

घरी मटण शिजलं. सगळ्यांनी खाल्लं, तात्यांनीही खाल्लं. त्यावर बोलणं झालं नाही.

त्या बारात खोट काढायला जागा नव्हती. माप बरोबर, अंतर हद्दीतलं, हाल काहीच नाही. तात्यांच्या स्वतःच्या हिशेबानं तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला बार. आणि तोच त्यांना कॅलेंडरवर नको होता. भेकरानं आमचं काय खाल्लं होतं? रताळं उकरणारं ते जनावर नव्हे. आमच्या चुन्याच्या गोलानं आम्हाला दारू किती घालायची हे शिकवलं. ती घालायची का, हा प्रश्न त्या पत्र्यावर कधी आलाच नव्हता. मला तर पुढं असंही वाटायला लागलं, की माप सापडलं नसतं तर त्या संध्याकाळी बंदूक खांद्याला लागलीच नसती. लागेल याची खात्री होती म्हणून लावली. धार लावलेला कोयता हातात असला की माणूस वाटेवरची फांदी उगाच छाटत जातो, तसंच हे.

बेळगावला मी काजू घालायला जायचो तिथं एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचं घर होतं. त्यांच्याकडं एक जुनी विलायती शिकारी रायफल. काडतुसं मिळायची बंद झालेली, म्हणून वर्षानुवर्षं कपाटात. त्यांनी मला सांगितलं, की अमेरिकेत अशा जुन्या रायफली बाळगणारे लोक घरीच काडतुसं भरतात. पौंडाचे ७,००० भाग केले की एक ग्रेन होतो. ती मंडळी दारू ग्रेनाच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, कागदावर पाच गोळ्यांचा पुंजका बघतात, पुन्हा तोलतात. तात्यांचा वेळू आठवून मला हसू आलं. सात समुद्रांपलीकडं तेच वेड. साहेब पुढं म्हणाले, "कागद हलत नाही, घाबरत नाही आणि त्याला पिल्लं नसतात. म्हणून कागदावर सगळेच चांगले वागतात." तात्या तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांना हे सांगितलं असतं.

त्या भेकरानंतर तात्यांनी एक बदल केला, कारण न सांगता. राखणीला जाताना बंदूक रिकामी न्यायची. दारू, गोळी, सोडण, टोप्या सगळं पिशवीत वेगळं. रानात डुकरं शिरल्याची चाहूल लागली, बॅटरी मारून खात्री केली, की मग भरायला बसायचं. ठासणीची बंदूक अंधारात भरायला वेळ लागतो. कितीदा तरी गजाचा आवाज ऐकूनच डुकरं पळाली. मी चिडायचो. तात्या हसायचे आणि गज परत जागेवर घालायचे. त्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी पाच-सहा डुकरं मारली असतील. सगळी रताळ्याच्या रानात, सगळी हद्दीच्या आत.

१९७२ चा वन्यजीव कायदा आमच्या गावात पोचायला बरीच वर्षं गेली. आज कायदा असा आहे, की बंदुकीचा परवाना असला म्हणून डुक्कर मारता येत नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायचं तर वनखात्याची वेगळी लेखी परवानगी पाहिजे, आणि मारलं तरी ते सरकारजमा. कायदा मला वाईट वाटत नाही. तात्यांनी पिशवीत दारू वेगळी ठेवली, तशीच ती एक मधली जागा आहे. पण परवानगीचा कागद येईपर्यंत रताळं संपलेलं असतं, हेही तितकंच खरं.

म्हणून लोकांनी काय केलं? बंदुकीच्या भानगडीत न पडता फासकी लावायला सुरुवात केली. गाडीची क्लचवायर घ्यायची, डुकराच्या वाटेवर फास टाकायचा आणि घरी येऊन झोपायचं. कुणी गावठी बॉम्ब ठेवतात, जनावराचा जबडाच उडून जातो. कुणी कुंपणात करंट सोडतात, त्यात डुकराऐवजी माणूस जातो. फासात बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. फासकीला नेम नसतो, हद्द नसते. कोण येऊन अडकलं, किती वेळ तडफडलं, हे लावणाऱ्याला बघावं लागत नाही. सकाळी गेलं तर गेलं, नाहीतर परवा. तात्यांचा भेकरावरचा बार मला अजून पचलेला नाही, पण तो टाकताना तात्या तिथं होते. चौतीस पावलांवर उभे होते, आणि नंतर चालत जवळ गेले. फासकी लावणारा तिथं नसतोच, आणि नसण्यासाठीच तो फासकी लावतो. मला कुणी विचारलं, की नेमकं मारण्याला काही किंमत आहे का, तर मी म्हणेन, आहे. पण ती मारण्याची परवानगी नव्हे. तात्यांना ती दोन्ही एक वाटली, एकाच संध्याकाळी. अण्णांना ती किंमत कधी दिसली नाही. मी दोघांच्या मधल्या बांधावर बसलेला माणूस आहे, आणि बांधावर बसून डुकरं जात नाहीत.

तात्या गेल्यावर रीतसर अर्ज करून बंदूक माझ्या नावावर झाली. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि विधानसभेची निवडणूक नेमकी भात कापणीच्या आणि रताळं भरायच्या दिवसांत येते. अलीकडं मी बराचसा माळ काजूला दिलाय. हत्ती आले, गवे आले, त्यांच्यापुढं ठासणीची बंदूक म्हणजे शिमग्याची पिचकारी. तरी ओढ्याकडचं दहा गुंठं रताळ्याला ठेवतो. पोरगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, बंदूक सरकारला देऊन टाका, माझ्या नावावर करू नका, मला त्या चकरा नकोत.

गेल्या खेपेला परवान्याचं नूतनीकरण करायला गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या तरुण पोरानं विचारलं, "आजोबा, शेवटचा बार कधी काढला?"

म्हटलं, "सात वर्षं झाली."

"मग ठेवता कशाला?"

मी म्हटलं, "रताळं अजून लावतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, कारणाच्या रकान्यात शेती संरक्षण असं लिहिलं आणि शिक्का मारून कागद पुढं सरकवला.